पहिला नग देवीचा

७ जुलै १९९७, सोमवार

ही डायरी एका साडी मिलची. दिवाळीला मालकाने आमच्या ह्यांना बोनसऐवजी हातात टेकवली. जानेवारी ते जून कोरे गेले. लिहिण्यासारखं होतं तरी काय? सकाळी पाणी भरा, दुपारी साड्यांना टिकल्या लावा, संध्याकाळी भाकरी बडवा. आजपासून मात्र लिहायचं, कारण आज मी मुकादम झाले. मालती सुकदेव पाटील, मुकादम. लिहून बघितलं, बरं दिसतं.

पांडेसऱ्यात ठाकोरभाई शेठची शेड आहे. त्यांच्या बापजाद्यांचा धंदा जुन्या जरीच्या साड्या जाळून त्यातली चांदी काढायचा. आता खरी जर कोण नेसतं? म्हणून शेठने लिलावात लष्कराचं भंगार उचललं. जुने वायरलेस सेट. आत सोन्याचं पाणी चढवलेल्या पिना असतात, त्याही जरीसारख्याच गाळता येतात म्हणे. पण लष्कराची एक अट आहे. एकही सेट धड बाहेर जाता कामा नये. त्यांचा माणूस खुर्ची टाकून बसणार, त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक सेट फोडायचा, मगच तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं.

फोडायला बाया सगळ्या आमच्या नवागामच्या गल्लीतल्या. मीच गोळा केल्या. मी दहावी पास म्हणून मुकादम, आणि दुसरं कारण शेठने हळूच सांगितलं. संध्याकाळी फाटकावर बायांची झडती घ्यावी लागेल, ती काय पुरुषाने घ्यायची? मी हो म्हटलं. त्यात काय एवढं.

मुहूर्त सकाळी साडेनऊचा होता आणि लष्कराचे सुभेदारसाहेब यायचे होते अकराला. मुहूर्त चुकवेल तो शेठ कसला! मुहूर्तापुरती एकच पेटी उघडून एक सेट खोलू, म्हणाला. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. आमच्या घरची रीत आहे, नव्या कामातलं पहिलं ते कानबाईचं. ह्यांनी पहिल्यांदा लूम चालवला तेव्हा त्या कापडाचा पहिला हातभर तुकडा सासूबाईंनी असाच देवीला नेला होता. शेठने नारळ फोडला, समोरच्या गल्लीतल्या वत्सलाने पेटीला हळदकुंकू लावलं. मी तिकडे शेठशी हातमोज्यांवरून भांडत होते. मागे वळून बघते तो सासूबाई लाल फडक्याची गाठ मारतायत आणि वत्सला फडक्याची टोकं धरून उभी. दोघींचं गुळपीठ आहेच. वत्सला त्यांना मावशी म्हणते आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकते त्यांचं.

घरी आल्यावर ते फडकं देव्हाऱ्यात गेलं. नारळाचं खोबरं असेल. विचारायची सोय नाही, त्यांच्या देव्हाऱ्याला मी हात लावलेला त्यांना चालत नाही.

पाय सुजलेत. उद्या चप्पल बदलायला हवी.

१० जुलै, गुरुवार

सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. रघुनाथराव. मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. आज त्यांनी आम्हा सगळ्यांना एक डबी दाखवली. सुपारीच्या डबीएवढी, पत्र्याची, खाली सोनेरी पिनांची रांग. प्रत्येक सेटच्या पोटात एक असते.

"बायांनो, बाकी सगळं भंगार आहे. ही डबी भंगार न्हाई," ते म्हणाले. "सैन्याचं बोलणं शत्रूला कळू नये म्हणून ही शब्दांची पार खिचडी करते. पलीकडच्या सेटात अशीच डबी असंल तरच खिचडीचे परत शब्द होत्यात. ही एक जरी बाहेर गेली तर माझी वर्दी जाईल आणि तुमची शेडबी."

तर डबी मिळाली की साहेबांच्या पुढ्यात ठेवायची, घणाचे घाव घालायचे, मग दाबयंत्रात चपटी करायची. गंमत अशी की पहिला घाव पडला की साहेब मान वळवतात. मी विचारलं तर म्हणाले, "अकरा वर्सं ह्याच सेटावर बसलोय बाई. बर्फात हाच एक बोलायचा माझ्याशी." आणि मग खुर्ची पुन्हा समोर फिरवून बसले, कारण बघणं ही त्यांची ड्यूटी.

झडतीचं वाटलं होतं तेवढं सोपं नाही. ओटी, पोलकं, केसांचा अंबाडा, डब्याचं झाकण. रोजच्या नळावर भेटणाऱ्या बाया, त्यांच्या पोलक्यात हात घालायचा म्हणजे काय ते मलाच माहीत. सखुबाई तोंड फिरवून उभी राहते. वत्सला मात्र फिदीफिदी हसते. "ताई, गुदगुल्या होतात. जरा हात गरम करून तरी या." तिच्यामुळे बाकीच्या हसल्या, आणि माझं काम जरा हलकं झालं. देव भलं करो तिचं.

१८ जुलै, शुक्रवार

आठवडाभर लिहिलं नाही. डोळे उघडे राहत नाहीत. घणाचा आवाज घरी आल्यावरही कानात चालूच असतो. मागच्या खोलीत तेजाबात पिना गाळतात, त्याचा वास पदराला, केसांना, पिठालाही लागतो. सासूबाई म्हणाल्या, भाकरी कडू लागते. मग नका खाऊ, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

ह्यांच्या लूमला आठवड्यातून तीनच दिवस काम आहे. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून कान गेलेत, त्यामुळे नवऱ्याला काही गुपित सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगण्यासारखं. पण स्वभावाने गरीब. मी घरी आले की पाणी गरम करून देतात, हे लिहिलं पाहिजे.

२६ जुलै, शनिवार

घात झाला.

आज सगळा लॉट फोडून झाला. सुभेदारसाहेबांनी सेटच्या पाट्यांवरचे नंबर आणि चपट्या डब्या जुळवल्या. एक डबी कमी. पुन्हा जुळवल्या. पुन्हा एक कमी. त्यांचा चेहरा असा झाला, मी घाबरून त्यांना पाणी आणून दिलं.

फाटक बंद केलं. पत्र्याचे ढीग उपसले, गोण्या ओतल्या, गटारात हात घातले. ठाकोरभाई शेठ कपाळ बडवत फिरत होता, "मालतीबेन, शेड बंद थई जशे! बद्धं गयुं!" साहेब शांतपणे म्हणाले की सोमवारपर्यंत डबी मिळाली तर ठीक, नाहीतर त्यांना वर कळवावं लागेल. मग शेडला सील, पुढचा लॉट रद्द, आणि पोलीस. म्हणजे एवढ्या साऱ्या बाया घरी बसणार. आणि झडती घेणारी कोण? मी. माझ्या हाताखालून गेली ती.

कोणी नेली असेल? सगळ्या ओळखीच्या. रडू येतंय, पण रडायचीही ताकद नाही. घरी सासूबाईंना काही सांगितलं नाही. म्हातारं माणूस, त्यांना कशाला डोक्याला ताप. त्या देव्हाऱ्यापुढे बसून कानबाईची गाणी गुणगुणत होत्या. सण जवळ आलाय ना.

२८ जुलै, सोमवार

शेठचा संशय वत्सलावर. कारण काय, तर तिचा नवरा सुपडू भंगारची लारी ओढतो. मी म्हटलं, सुपडू बाटल्या आणि रद्दी घेतो, त्याला डबीतलं काय कळतंय! पण नंतर विचार आला, झडतीत सगळ्यात जास्त हसते कोण? वत्सलाच. हसून लक्ष दुसरीकडे वळवत असेल तर? माणसाच्या मनाचा काय भरवसा.

शेठने सांगितलं, तुम्हीच विचारा, तुमचं माणूस आहे. तिला मागच्या खोलीत घेतलं. शेठ दारात, साहेब खिडकीपाशी. मी म्हटलं, "वत्सला, काय असेल ते खरं सांग. डबी कुठे आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग शेठकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "ताई, ते तुम्हीच सांगा ना."

"मी काय सांगू? तुला विचारतेय मी."

"बरं," म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नसेल तर राहू द्या." आणि जराशी हसली.

काय तो उद्धटपणा! ज्या बाईला मी काम लावून दिलं, ती मला दोन परक्या पुरुषांसमोर उलट उत्तर देते. डोकं फिरलं माझं. पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं आणि तिची झडती घेतली, रोजच्यासारखी नाही, पूर्ण. लुगडं फेडायला लावलं. आज ती गुदगुल्या म्हणाली नाही. हात वर करून सरळ उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "घ्या ताई. नीट घ्या. शेठला पटलं पाहिजे."

काही सापडलं नाही. सापडणार कसं, घरी नेली असणार.

२ ऑगस्ट, शनिवार

वत्सलाला कामावरून काढलं. शेठने तक्रारीत तिचंच नाव दिलं. सुपडूला चौकीत दिवसभर बसवून ठेवलं, लारी जमा केली. घराची झडती झाली तेव्हा पोलिसांनी पिठाचा डबा ओट्यावर उलटा केला. गल्ली बघत होती. मी आतून बघत होते, खिडकीची फळी किंचित उघडी ठेवून.

सुभेदारसाहेबांनी वर कळवलंय. उत्तर येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर शेड चालू ठेवलीय, दुसरा लॉट आधीच आला होता म्हणून. पण हे काही दिवसांचंच. चोर कबूल झाला तर शेड वाचेल असं शेठ म्हणतो.

सासूबाईंनी विचारलं, वत्सी दिसत नाही. मी एवढंच सांगितलं की तिने शेडमध्ये चोरी केली. त्या उसळल्या. "वत्सी चोर? काय बी बोलस तू! तिना हात तं देवीना कामले लागेल शेतस." देवीच्या कामाला हात लागला म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखं झालं, असा त्यांचा हिशेब. मी वाद घातला नाही. म्हाताऱ्यांना आपली माणसं सगळी साधूच वाटतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

वत्सला दारात आली होती. डोळे खोल गेलेत तिचे. दरवर्षी कानबाईच्या आधी दळण निवडायला, भिंत सारवायला ती येते. म्हणाली, "ताई, मावशींच्या हाताखाली येऊ ना?"

मी म्हटलं, यावर्षी नको. आम्ही करू.

ती लगेच गेली नाही. माझ्या खांद्यावरून आत देव्हाऱ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "ताई, अजून किती दिवस?"

"किती दिवस काय?"

"काही नाही," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, काम परत कधी मिळेल ते विचारतेय. मनात म्हटलं, बाई, आधी डबी दे. दार लावून घेतलं. लावताना हात जड झाला हे खरं, पण लावलं.

१० ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, हार, वर हिरवं पातळ. रोटांचा घाट, पुरण, खीर. गल्लीतल्या बाया आल्या, पण मोकळं कोणी हसलं नाही. दरवर्षी गाण्याला आवाज लावते वत्सला. आज सूर लागेना. सखुबाई एकदम म्हणाली, "तिच्याशिवाय मजा नाही." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुरण ढवळत राहिले. मी काय तिला चोरी करायला सांगितली होती?

कंबर मोडलीय. उद्या विसर्जन.

११ ऑगस्ट, सोमवार

ओल्या लुगड्यातच लिहायला बसलेय.

टेम्पो करून तापीवर गेलो. नदी दुथडी, पाणी गढूळ. सासूबाई म्हणाल्या, हेच पाणी आपल्या गावावरून येतं. दरवर्षी म्हणतात. आरती झाली. देवीचा जुना नारळ परत घरी न्यायचा आणि ओटीचं सगळं पाण्यात सोडायचं. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या, मी त्यांचा दंड धरून. त्यांनी फुलं सोडली, ओटीचा खण सोडला. मग ते लाल फडकं काढलं आणि गाठ सोडली.

आत डबी होती. हळदीकुंकवाने माखलेली. पिनांची रांग उन्हात चमकली.

"हे काय?" मी ओरडले.

"पहिलं देवीले," त्या म्हणाल्या आणि हात उघडला.

मी खाली वाकले, पाण्यात चाचपडले, चिखल हातात आला. टेम्पोवाल्याला वाटलं मी बुडतेय, त्याने मला ओढलं. सासूबाईंना काही कळेना. काठावर बसवून विचारलं, आई, ही तुम्ही कुठून आणली? तर म्हणतात, मुहूर्ताच्या पेटीतली. सगळ्यात सुंदर दिसली म्हणून घेतली. "वत्सीनी तं फडकं धरेल व्हतं. तिले ठाऊक शे."

तिला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक आहे. लुगडं फेडून उभी होती तेव्हाही तिला ठाऊक होतं, आणि तिने माझ्या सासूचं नाव घेतलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शेडमध्ये गेले नाही. ताप आला म्हणून निरोप पाठवला. खोटं नाही, अंग तापलंच होतं.

ह्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. शेवटी पाटीवर लिहून दाखवलं. वाचून त्यांनी पाटी पुसली, तीही थुंकी लावून, नीट. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आईला चौकीत नेतील. सत्तरीची आहे ती. डबी तर गेलीच, आता कोणाला काय सापडणार? तू गप्प राहिलीस तर कोणाला कळणार नाही."

खरंच कळणार नाही. तापी काय सांगणार? आणि वत्सला इतके दिवस बोलली नाही, ती आता तरी काय बोलेल. दिवसभर ह्याच विचारात. बोलले तर सासूबाई चौकीत, माझं काम जाणार, शेडही जाईल. नाही बोलले तर समोरच्या घरात सुपडू लारीशिवाय बसलेला रोज दिसणार, आणि वत्सला मरेपर्यंत गल्लीत चोर.

संध्याकाळी सासूबाईंनी सरळच विचारलं, मी काय केलं असं? मग सांगावं लागलं सगळं. मला वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "मी चोरी नही करी. देवीनं देवीले दिधं. पण वत्सीवर कसाले यावं ते? माले लई चाल तठे. मी सांगस."

लहानपणापासून देवापुढे डोकं टेकणारी ही बाई मला कधी आवडली नाही फारशी. आज मी तिचे पाय दाबून दिले. तिने ओढून घेतले, गुदगुल्या होतात म्हणाली.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोघी गेलो. शेठला आणि सुभेदारसाहेबांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. मुहूर्त, पहिली पेटी, फडकं, तापी. शेठ आधी हसला. मग त्याला कळलं की खरं आहे, तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाला, हे बोलायची काय गरज होती? तक्रार गेली, नाव गेलं, आता पुन्हा मुहूर्ताचं उकरून काढायचं? साहेब यायच्या आधी पेटी उघडली ती कोणी, हे विचारलं तर माझी मान अडकेल!

म्हणजे त्याला त्याच्या मुहूर्ताची काळजी. आणि मी मूर्ख, इतके दिवस मला वाटत होतं की त्याला चोर हवाय. त्याला फक्त कोणाचं तरी नाव हवं होतं.

साहेबांनी त्याला गप्प केलं. सासूबाईंना म्हणाले, "आजी, जागा दाखवता का?" त्यांच्या जीपमधून तापीवर गेलो. उकाईतून पाणी सोडलेलं, घाटाच्या पायऱ्याही दिसेनात. साहेबांनी विचारलं, कुठं टाकली? सासूबाईंनी एकदा इकडे बोट केलं, एकदा तिकडे, आणि मग म्हणाल्या, "आते ती समिंदरमा गयी व्हई."

साहेब वर्दीतच काठावर बसले. म्हणाले, "पाण्यात गेली म्हणजे मोडली, असं मला लिवता येत न्हाई बाई. माझ्या डोळ्यांसमोर मोडली तरच मोडली. पण चोरी झाली असंबी आता लिवता येत न्हाई. जे झालं तेच लिवतो. पेटी उघडली तवा मी तिथं नव्हतो हेबी लिवतो. पुढं वरचे काय ते ठरवतील." मग सासूबाईंचा हात धरून त्यांना जीपमध्ये बसवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

शेडला सील लागलं, चौकशी होईपर्यंत. दुसरा लॉट लष्कराने परत नेला. वत्सलाविरुद्धची तक्रार साहेबांनी स्वतः चौकीत बसून मागे घ्यायला लावली, सुपडूची लारी सुटली. सासूबाईंना काही झालं नाही, नुसता अंगठा घेतला. साहेबांची मात्र बदली. निरोप घ्यायलाही आले नाहीत, तसे ते येणारही नव्हते.

शेठने मला काढलं. गल्लीतल्या बाया नळावर माझ्याशी बोलत नाहीत. काम गेलं त्यांचं, बोलतील कशा. सखुबाईने माझा हंडा रांगेतून मागे सरकवला. मी पुन्हा पुढे नाही केला. पण मनाला एक बरं वाटतंय. वत्सलाचं नाव धुतलं गेलं. उद्या तिच्याकडे जाणार. पाया पडेन, वयाने लहान असली तरी पडेन. आणि सांगेन की मला माहीत नव्हतं. आईची शपथ, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले होते.

सुपडू लारी घेऊन बाहेर पडला होता. वत्सलाने चटई टाकली, पाणी दिलं. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. तसं काही नाही. मावशी कशा आहेत, गुडघे दुखतात का, सगळं विचारलं. मी तिच्या पायांकडे वाकले तर तिने हात धरला. "ताई, असं काही करू नका. तुम्ही शेवटी सांगितलंत ना. मला खात्री होती, आज ना उद्या सांगाल."

"खात्री?"

"मग! सासू म्हातारी, एकदम कसं सांगणार? झडतीच्या दिवशीसुद्धा मला कळत होतं. शेठ दारात, साहेब खिडकीत. तुमची किती पंचाईत झाली असेल. म्हणून तर मी म्हटलं, नीट घ्या, शेठला पटलं पाहिजे. मी पण माझ्या सासूसाठी गप्प बसले असते. माणूस बसतंच." ती माझा हात अजून धरूनच होती. "फक्त दिवस फार गेले, ताई. त्या दिवशी दारात आले तेव्हा तेवढंच विचारायचं होतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. किती मोठं मन या बाईचं! आणि मला एकदम वाटलं, हिच्या मनात माझ्याबद्दल एवढासाही डाग नको राहायला. मी जाणूनबुजून तिला अडकवलं, असं तिला का वाटावं? मी म्हटलं, "नाही गं वत्सला, तसं नाही! मला माहीतच नव्हतं. डबी देव्हाऱ्यात आहे हे मला सोमवारी तापीवर कळलं. शपथ घेते. माहीत असतं तर मी तुझ्या अंगाला हात तरी लावला असता का?"

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

तिने माझा हात सोडला. काही रागाने नाही, सोडला आपला. चटईची काडी उपसत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं, मी चोरली."

नाही म्हणायला हवं होतं. पण कसं म्हणणार? वाटलंच होतं मला. हसून लक्ष वळवते, असंसुद्धा वाटलं होतं.

"लुगडं फेडायला लावलंत तेव्हा," ती म्हणाली, "तेव्हा पण खरंच वाटत होतं?"

मी मान खाली घातली. बाहेर नळ आला, बायांची गडबड सुरू झाली. वत्सला उठली, हंडा उचलला, पदर खोचला. जाताना म्हणाली, "दार ओढून घ्या ताई, जाताना." आणि मी तिच्या घरात, तिने माझ्यासाठी टाकलेल्या चटईवर तशीच बसून राहिले.